चोवीस जोड्या

"हे नंबर कशाला टाकलेत?" उज्वला मॅडमनी विचारलं.

टेबलावर चोवीस मार्कर ओळीने मांडले होते. मार्कर म्हणजे रंगाच्या गोळ्या मारायच्या खेळातली बंदूक. पण पोलीस-परवान्याची नसती भानगड मागे लागू नये म्हणून तिला बंदूक म्हणायचं नाही, मार्करच म्हणायचं, अशी ते बनवणाऱ्या कंपनीचे मालक दीपक शेठची सक्त ताकीद होती. उज्वला मॅडम हे गिऱ्हाईक. गंगापूर धरणाच्या बाजूला आणि पुण्याकडे मिळून त्यांची या खेळाची पाच मैदानं होती. त्यांच्या हातात सात नंबरच्या मार्करमधून काढलेला ट्रिगरचा सेट होता आणि तो पंधरा नंबरच्या बॉडीत काही केल्या बसत नव्हता. पुढची पिन गेली, मागचा कोपरा उचललेलाच राहिला. तीन नंबरच्या बॉडीत घातला तर खुळखुळ्यासारखा वाजला. परत सातात घातला, तर असा बसला की सांधा नखालाही लागेना.

फिटर रंगनाथ भोये दाराशी उभा होता, तो हौसेने पुढे आला. "जोड्या हायेत मॅडम त्या. नवरा-बायको. सातचा सातलाच. एकेक हातानं घासून बसवलाय. आता बदलायच्या नाय."

हर्षाली म्हणून मशीनवर नवी लागलेली पोरगी होती, ती फिसकन हसली आणि एकदम गप्प झाली, कारण तिचं लक्ष ज्योत्स्नाकडे गेलं.

मार्करचं डिझाइन करणाऱ्या ज्योत्स्ना आहेरचा राग अंबडच्या त्या कंपनीत सर्वांच्या परिचयाचा होता. सतरा वर्षांत तिने तीन सुपरवायझर रडवले होते आणि चहावाल्याला एकदा कपासकट परत पाठवलं होतं. पण आजचा राग तिला स्वतःलाही नवा होता. बदलायच्या नाहीत? अरे, बदलण्यासाठीच तर सगळं होतं! शाळेची पोरं खेळायला आली की जड ओढायचा ट्रिगर घालायचा, कंपन्यांची माणसं आली की साधा, स्पर्धा असली की बॅटरीवरचा. बॉडी तीच. दोन पिना ओढा, जुना सेट काढा, दुसरा सरकवा, पिना लावा. कुठलाही सेट, कुठल्याही बॉडीत. नऊ महिने तिने त्यावर डोकं झिजवलं होतं. आणि या गृहस्थाने चोवीसच्या चोवीस बॉड्यांची लग्नं लावून टाकली!

"रंगनाथभाऊ!" ती ओरडली. "नऊ महिने! नऊ महिने मी काय माशा मारत होते का? कोणी सांगितलं होतं तुम्हाला कानस लावायला?"

रंगनाथचा चेहरा पडला. पंचावन्न वर्षांचा माणूस, पेठकडच्या डोंगरातून येऊन सव्वीस वर्षं या कंपनीत काढलेली. गिऱ्हाइकासमोर त्याच्यावर कोणी असं ओरडलं नव्हतं.

उज्वला मॅडमनी सातवा मार्कर खाली ठेवला. "चूक कुठे झाली, का झाली, मला लेखी पाठवा. तीन आठवड्यांत नवे चोवीस द्या. नाही जमलं तर मी बाहेरून मागवते." पाण्याच्या ग्लासाला हातही न लावता त्या गेल्या.

दीपक शेठने ज्योत्स्नाला केबिनमध्ये बोलावलं. "लिहून टाक. फिटरने परवानगी न घेता पार्ट घासले. संबंधित कामगाराला कामावरून काढलं आहे. विषय संपला."

"काढणार?"

"मग काय हार घालू? आणि हे बघ, डिझाइन तुझ्या नावाने जाईल म्हणालो होतो ना, ते जाईल. तो शब्द मी मोडत नाही."

हा शब्द काय होता ते ज्योत्स्नाच जाणे. प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते. रेघा कोणी मारल्या तिथे आजवर ज्योत्स्नाचं नाव. डिझाइन कोणाचं तिथे दीपक शेठचं. पंपाची झाकणं, ब्रेकचे पार्ट, काय काय तिने आपल्या डोक्यातून काढलं आणि त्या चौकटीत त्यांचं नाव टाइप केलं, स्वतःच्याच बोटांनी. या वेळी मात्र तिने आधीच भांडून घेतलं होतं. एक तरी वस्तू या जगात आपल्या नावाची असावी, एवढाच तिचा हट्ट होता. आणि आता तो पुरा व्हायचा तर रंगनाथचं नाव दुसऱ्या कागदावर लिहायचं होतं.

खरं सांगायचं तर त्या क्षणी तिने ते आनंदाने लिहिलं असतं. पण तिचे वडील ओझरच्या विमान कारखान्यात तपासनीस होते, आणि त्यांनी तिला एक खोड लावून ठेवली होती. आधी मोजायचं, मग बोलायचं. जास्तीच्या सहा बॉड्या न घासता तशाच पडून होत्या. भांडण पुराव्यानिशी करावं म्हणून तिने त्या मोजायला घेतल्या.

पहिल्या बॉडीत पिनेचं भोक केसाएवढं वर. दुसऱ्यात तेवढंच खाली. तिसऱ्यात तिरकं. सहाच्या सहा वेगळ्या.

मशीन बिघडलं असेल म्हणून ती हर्षालीवर खेकसली. हर्षालीने बिचारीने ड्रॉइंग आणून समोर धरलं. "मॅडम, तुम्ही वरच्या कडेपासून माप दिलंय. बॉडी आधी बफिंगला जाते, चकाकी आणायला. ते हाताने करतात. कुठे जास्त घासलं जातं, कुठे कमी. मग त्या कडेपासून मोजून भोक पाडलं की..."

पुढचं तिला सांगावं लागलं नाही. ज्या कडेवरून मोजायचं तीच दर बॉडीला हललेली. पहिल्या वर्षाच्या पोराने करू नये अशी चूक, आणि ती ज्योत्स्नाने केली होती.

ती तरातरा रंगनाथच्या टेबलाशी गेली. तो जेवणाचा डबा उघडून बसला होता, पण भाकरीला हात लावलेला नव्हता.

"भोकं हललेली तुम्हाला दिसली होती?"

"आंधळा हाय का मी?"

"मग सांगितलं का नाही?"

"सांगून काय व्हणार होतं? तुमचं पयलंच नावाचं काम, वाया जाया नको म्हणलं. आठ दिस दुपारची सुट्टी नाय घेतली मी, ताई. आन् तुम्ही चार लोकात इज्जत काढली."

"पण तुम्हाला हे करायला सांगितलं कोणी?"

"आजवर कोण सांगत होतं?" रंगनाथने डब्याचं झाकण आपटलं. "दोन हजार नऊ साली तुमची पयली डाय आली. चारी भोकं तिरकी. कोणी बसवली? पंपाचं झाकण आलं, ते घासून घासून कोणी बसवलं? ब्रेकचा पार्ट? दरसाली ड्रॉइंग येतं, दरसाली मी कानस मारतो. तवा नाय कोणी ओरडलं. तवा गुणाचा रंगनाथ. आता घासलं तर मी चोर व्हय?"

ज्योत्स्नाला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. मग स्वतःच्या. सतरा वर्षं ती ज्याला आपली हुशारी समजत होती, ती अर्धी या माणसाच्या मनगटात होती आणि त्याने चकार शब्द काढला नव्हता. चांगुलपणा म्हणायचा का हा? तिला तर तो दगाच वाटला. एकदा जरी तो वर येऊन म्हणाला असता, की ताई, हे चुकलंय, तर ती दुसऱ्या वेळी चुकली नसती. आणि आपण? आपण एकदा तरी खाली येऊन विचारलं होतं का, की भाऊ, जसंच्या तसं बसलं का? कंपनीत सगळे सगळ्यांना सांभाळून घेत होते आणि त्यातून कोणी काही शिकत नव्हतं.

तिने संध्याकाळी कागद लिहिला. दोनच ओळी. भोकांची मापं बफिंग होणाऱ्या कडेपासून दिली, ही ड्रॉइंगमधली चूक आहे. फिटरचा दोष नाही. खाली स्वतःची सही केली.

दीपक शेठने तो दोनदा वाचला. "तू वेडी आहेस का? गिऱ्हाइकाला असं लिहितात? माणूस चुकला म्हटलं की माणूस बदलता येतो. डिझाइनच चुकलं म्हटल्यावर आपली काय किंमत राहिली?"

"चुकलंय ते चुकलंय."

"मग या डिझाइनखाली तुझं नाव कसं घालू मी? ती बाई म्हणेल, हीच का ती? नाही, नाही. मग माझंच राहू दे."

"राहू दे!" ज्योत्स्नाचा आवाज खाली शॉपपर्यंत गेला. "सतरा वर्षं राहिलंय, अजून राहू दे! पण रंगनाथभाऊंना हात लावायचा नाही. त्यांना काढलंत तर हा कागद मी स्वतः त्या बाईंच्या हातात नेऊन देईन, आणि वर तोंडीही सांगेन."

शेठने कागद पुढे ओढला. कागदावरची तिची सही कापून त्यांनी कंपनीचा शिक्का मारला आणि तो पाठवून दिला.

पुढचे अठरा दिवस ज्योत्स्ना कोणाशी धड बोलली नाही. ड्रॉइंग तिने मुळापासून नवं केलं. बॉडी एकदाच मशीनवर बांधायची, दोन्ही भोकं त्याच बांधणीत पाडायची, बाकीची सगळी मापं पुढच्या भोकापासून घ्यायची आणि बफिंग सगळ्यात शेवटी. तपासायला पोलादाचा एक नमुना हवा होता. त्यात बसेल तो ट्रिगर पास, नाही बसला तर भंगार. हा नमुना तंतोतंत करू शकेल असा माणूस कंपनीत एकच होता.

तिने ड्रॉइंग रंगनाथच्या टेबलावर ठेवलं. "हा एक करायचा. यालाच काय ती कानस लावायची. बाकी कशालाही नाही."

"बरं," रंगनाथ म्हणाला. तिच्याकडे त्याने पाहिलं नाही.

चार दिवसांनी त्याने तो नमुना तेल लावून, फडक्यात गुंडाळून आणून दिला. ज्योत्स्नाने मोजला. शून्यावर शून्य. सव्वीस वर्षांतलं त्याचं ते सगळ्यात चांगलं काम असावं. शाबासकी द्यायला तिची जीभ वळली नाही. राग अजून मधे उभा होता. जाताना तो दारात थांबला. "एक ठिकाणी माप देयाचं राहिलं होतं. आतल्या गोलाईला. विचारून घेतलं हर्षालीला. चिठ्ठी ठेवलीय आत."

चिठ्ठी होती. पेन्सिलीने, मोठ्या अक्षरांत. सतरा वर्षांत त्याने दाखवलेली पहिली चूक. ज्योत्स्नाने ती दुरुस्त केली.

ठरल्या दिवशी उज्वला मॅडम आल्या. त्यांनी चोवीस बॉड्या आणि तिन्ही प्रकारचे मिळून बहात्तर सेट वेगवेगळ्या क्रेटमध्ये ओतायला लावले आणि हर्षालीला म्हणाल्या, "बघायचं नाही. हाताला येईल तो घे." हर्षाली घेत गेली. खट्, खट्. चार महिन्यांपूर्वी कामाला लागलेली पोरगी, पण बसत होतं सगळं. कुठलाही सेट, कुठल्याही बॉडीत. रंगनाथ पुढे झाला, त्याने एक मार्कर उचलून खिडकीच्या उजेडात धरला आणि सांध्यातून उजेड दिसतो का ते डोळा बारीक करून पाहिलं.

"बसलं," तो म्हणाला. "कोणी न बसवता बसलं."

"डिझाइन कोणाचं?" मॅडमनी विचारलं.

"आमचंच. घरचंच," दीपक शेठ म्हणाले आणि पेढ्यांचा पुडा फोडला. ज्योत्स्नाने पेढा घेतला नाही.

दुपारी ती केबिनवरून जात होती तेव्हा शेठने हाक मारली. फार खुशीत होते. "चारशेची ऑर्डर दिली बाईंनी. आणि ऐक, रंगनाथला पॅकिंगला टाकलंय आजपासून. आता घासायला राहिलंय काय?"

"पॅकिंगला?" ज्योत्स्नाच्या डोक्यात तिडीक गेली. "सव्वीस वर्षं मुरलेला फिटर तुम्ही खोकी भरायला बसवलात? त्यांनी तो नमुना केला नसता तर आज..."

"अगं, पण तो नमुना झाला ना? एकच लागतो, तूच म्हणालीस. कानस लावायची नाही, हेही तूच म्हणालीस." शेठच्या आवाजात टोमणा नव्हता. कौतुकच होतं. "तुझ्याच डिझाइनची कमाल आहे ही. ओरडतेस कोणावर?"

 ज्योत्स्नाच्या आयुष्यात पहिल्यांदा असं झालं की राग गळ्यापर्यंत आला आणि तो कोणावर काढायचा तेच कळेना.

ती पॅकिंगच्या शेडमध्ये गेली. रंगनाथ लाकडी स्टुलावर बसला होता. शेजारी चोवीस मार्कर, समोर खोकं. तो एक मार्कर घ्यायचा, डाव्या अंगठ्याने त्याच्या सगळ्या कडा सावकाश चाचपायचा, मग खोक्यात ठेवायचा. कडेला धातूची कूस राहिली तर बोट कापतं. फिटर ती अशीच शोधतात.

"रंगनाथभाऊ, कूस राहत नाही आता त्याला," ती म्हणाली. आवाज तिला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "मशीनच काढतं ती."

"म्हाईत हाय."

"मग कशाला?"

"पोरांच्या हातात जाणार हायेत, ताई."

तिने दुसरं स्टूल ओढलं आणि खोक्याच्या पलीकडे बसली. चाचपून झालेला मार्कर तो तिच्याकडे द्यायचा, ती तो कागदात गुंडाळून आत ठेवायची.  शेवटचा मार्कर देऊन झाल्यावर रंगनाथने अंगठा उजेडाकडे धरून पाहिला. त्यावर साधा ओरखडाही नव्हता. त्याने तो पँटला पुसला.