लामदुआनची खुर्ची

च्या-अम गावच्या किनाऱ्यावर साफसफाईसाठी बुधवारी पर्यटकांना भाड्याने द्यायच्या खुर्च्या मांडायच्या नसतात, म्हणून तोच धंदा करणारा प्रायून आणि त्याची बायको लामदुआन दुपारी घरीच होती. त्यांची मुलगी ऑय समोर व्हिएतनामचा नकाशा पसरून बसली होती. दोघांचीही पहिलीच परदेशवारी, तीही आठच दिवसांची.

"हानोई, ह्वे, सायगॉन," प्रायूनने नकाशावर बोट आपटलं. "शहरं दाखव. समुद्राचं नावही काढू नकोस. तीस वर्षं तोच बघतोय. विमानात बसून परत वाळूच तुडवायला मला काय वेड लागलंय?"

"मला न्या-चांगच्या समुद्रावर जायचंय," लामदुआन म्हणाली.

"का? तिथलं पाणी गोड आहे की काय?"

"पाण्याचं राहू द्या. मला किनाऱ्यावर खुर्चीत आडवं पडायचंय."

"एवढंच ना? घरच्या साठ खुर्च्या आहेत. हवी ती घे."

"घेऊ कशी? जरा टेकले की कुणीतरी शहाळं मागतं. आणि कुणी नाही मागितलं, तर तुम्ही हाक मारता."

साठांपैकी कुठली खुर्ची डुगडुगते, कुठलीचं कापड विरलंय, हे प्रायूनला तोंडपाठ होतं. पण त्यातल्या एकीतही बसलेली बायको त्याला काही केल्या आठवेना.

"ऑय, ते ह्वे काढून टाक," तो शेवटी म्हणाला. "न्या-चांगला तीन दिवस धर."

"मग तिथे दोन खुर्च्या सांगून ठेवू ना, बाबा?"

"एकच सांग. शहाळं आणून द्यायला कुणीतरी उभं नको का?"