भट्टीशेजारचे भोक

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डक्ट आहे. कॅनडातल्या विनिपेगमध्ये एका तळघरात, घर गरम ठेवणाऱ्या गॅसच्या भट्टीला चिकटून उभा आहे. वरच्या खोल्यांतली गार हवा भट्टीकडे परत आणायची, एवढेच माझे काम. गरम हवेच्या जाळीवर मांजर झोपते. माझ्या जाळीवर लोक सोफा ठेवतात.

आमच्या तळघरात दुसरे स्वयंपाकघर होते. आमच्यासारख्या युक्रेनी घरांत वरचे दाखवायला आणि खालचे रांधायला असते. पारास्काआजी तिथे दिवसभर बटाट्याची पिरोगी, म्हणजे उकडायच्या करंज्या, भरत बसायची. त्यांच्या जुन्या पंचांगाप्रमाणे जानेवारीत येणाऱ्या नाताळासाठी चारशे.

एका हिवाळ्यात ती मुलाला म्हणाली, "ओरेस्ट, पाय गारठतात रे."

"मेकॅनिक बोलवू या का?" सून लेस्याने विचारले.

"कशाला? मी मेलोय का?" ओरेस्टने पत्रा कापायची कात्री घेतली आणि भट्टीपासून हातभर अंतरावर माझ्या कुशीत वहीएवढे भोक पाडले. "खालची हवा फिरली की ऊब येईल." शेजाऱ्यांनी येऊन कौतुक केले. एकाने कात्री उसनी नेली.

मला ओढता येते, निवडता येत नाही. मी तळघरातलीच हवा ओढू लागलो, तसा कांद्याचा वास वर गेला. लेस्याने तळघराच्या दाराखाली गोधडी कोंबली. कोंडलेल्या खोलीत हवा कमी पडली, तेव्हा धुराड्यातून बाहेर जाणारा भट्टीचा धूर मी उलटा खाली खेचला. त्यातल्या विषाला वास नसतो. कांद्याला होता, म्हणून कांदा पकडला गेला.

आजीचे डोके दुखू लागले. ती पिठात दोनदा मीठ घालू लागली.

"या खोलीत काहीतरी आहे रे," ती म्हणाली.

"वय आहे, आई," ओरेस्ट म्हणाला.

एके दिवशी तिने लेस्याला आपल्या मेलेल्या बहिणीच्या नावाने हाक मारली आणि ती तिथेच कोसळली. डॉक्टरांनीही वयाकडेच बोट दाखवले. आजी वृद्धाश्रमात गेली. आठ दिवसांत तिला सगळे आठवू लागले. अगदी कात्री नेणाऱ्याचे नावसुद्धा.

"मला घरी ने," ती म्हणाली.

"बघा, इथलं किती मानवलं तुम्हाला," लेस्या म्हणाली. "आता कशाला हलायचं?"

दाराखालची गोधडी निघाली, चूल निघाली, तिथे बिलियर्डचे टेबल आले. शरद ऋतूत भट्टी तपासायला मेकॅनिक आला. त्याने माझ्या भोकात हात घातला.

"हे कोणी केलं?"

"घर घेतलं तेव्हापासून आहे," ओरेस्ट म्हणाला.

"इथे दिवसभर कोणी बसत नाही ना? मेलं असतं."

ओरेस्टने टेबलावरचा एक चेंडू पलीकडे ढकलला. मग म्हणाला, "नाही. कोणी नाही."

मित्रांनो, भट्टीशेजारी माझ्यासारख्याला भोक पाडू नका, तिच्या खोलीची हवा कोंडू नका, धुराडे दरवर्षी तपासून घ्या. आणि म्हातारे माणूस खोलीत काहीतरी आहे म्हणाले, तर आधी खोली तपासा.

माझे भोक चार स्क्रूंत बुजले. आजी अजून वृद्धाश्रमातच आहे.