पुढचे पाय कापलेली खुर्ची

मी एक जुनी खुर्ची आहे, वकिलाच्या टेबलासमोरची. टेबलामागची नव्हे. ती गादीची आहे, चाकांची आहे, आणि तिच्यावर काही सांगायची पाळी येत नाही. माझ्यावर अशिलं बसतात. मित्रांनो, आपली कहाणी सांगणाऱ्या वस्तू बहुतेक एकच रडगाणं गातात, की माणसांनी आमचे हाल केले. माझं उलटं आहे. हाल मी केले, आणि त्याबद्दल मला शाबासकी मिळाली.

एका म्हाताऱ्या सुताराने मला कुठल्याशा पाडलेल्या घराच्या दारांतून घडवलं. हात रुंद केले, पाठ किंचित मागे कलती ठेवली. त्याची एक सवय होती. खुर्ची तयार झाली की तिच्यावर बसून तो डबा खायचा, आणि जेवताना कुठे अवघडलं तर पुन्हा रंधा हातात घ्यायचा. माझ्यावर बसून तो जेवला आणि तिथेच डुलक्या घेऊ लागला. मग मला विकायला काढलं.

मला घेणारा वकील तेव्हा अगदी नवखा होता. औषधाच्या दुकानावरची एक खोली, अरुंद जिना, एक कपाट, आणि मी. दिवसाला दोन माणसं जिना चढून आली तरी त्याचा जीव भांड्यात पडायचा. साहजिकच तो ऐकायचा, अगदी मन लावून.

आणि लोक तरी काय काय विचारायचे. शेजाऱ्याच्या झाडाची फांदी आमच्या अंगणात आली तर कापता येते का? दुकानदाराने पावतीवर 'माल परत घेतला जाणार नाही' असं छापलं, की विषय संपला का? आम्ही घरी नसताना घरमालक स्वतःच्या किल्लीने आत येऊ शकतो का? एका गृहस्थांना विचारायचं होतं की नवराबायको वेगळे झाले तर कुत्रा कोणाकडे राहतो. कुत्रा खाली जिन्याशी बांधलेला होता आणि त्याचं भुंकणं वरपर्यंत ऐकू येत होतं.

वर्षानुवर्षं हे ऐकून मला एक गोष्ट कळली. माणूस पहिला विचारतो तो त्याचा खरा प्रश्न नसतो. फांदीचं विचारायला आलेला माणूस पाव तासाने हळूच सांगायचा की शेजारी म्हणजे सख्खा चुलतभाऊ, आणि त्याने नुसती फांदी नव्हे, हातभर जमीनच कुंपणात ओढून घेतली आहे. आपल्या माणसाबद्दल असं बोलायला जीभ लवकर उचलत नाही. आधी इकडचं तिकडचं बोलून होतं, पाणी पिऊन होतं, मग माझे दोन्ही हात घट्ट धरले जातात आणि मग ते बाहेर येतं. त्यासाठी माणसाला बसू द्यावं लागतं. एवढंच माझं काम होतं, आणि ते मी चोख करत होते.

पुढे वकिलाचा जम बसला. जिन्याच्या पायऱ्यांवर माणसं ताटकळू लागली, आणि ज्या प्रश्नांवर त्याचं घर उभं राहिलं ते त्याला आता कटकट वाटू लागले. एक दिवस त्याचा मेहुणा आला होता. त्याची खानावळ होती.

"लोक उठतच नाहीत रे," वकील म्हणाला.

"पुढचे पाय दोन बोटं काप," मेहुणा म्हणाला. "माझ्याकडे सगळ्या खुर्च्या तशाच आहेत. जेवण झालं की गिऱ्हाईक आपोआप उठतं. कुणाला कळत पण नाही."

त्याच सुताराला बोलावलं. तो आता थकला होता, जिना चढताना दोनदा थांबला.

"पुढचे कशाला, साहेब? कापायचेच तर मागचे कापा, माणूस आरामात टेकेल."

"आराम नकोय," वकील म्हणाला.

सुताराने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि करवत काढली. त्याच्यावर रागावून काय उपयोग, त्यालाही घर होतं. वर बैठकीला गुळगुळीत पॉलिशही मारून घेतलं. तेव्हापासून माझ्यावर बसलेला माणूस सारखा पुढे घसरतो. पाय रोवून, पाठ ताठ करून कसाबसा तोल सांभाळतो. पाच मिनिटांत त्याच्या मांड्या भरून येतात आणि तो उठतो. वकिलाचं नाव झालं. 'फापटपसारा नाही, पाच मिनिटांत मोकळं करतात,' असं लोक कौतुकाने सांगू लागले. मलाही फडक्याने रोज पुसलं जाऊ लागलं, आणि खरं सांगते, मला ते आवडत होतं.

मग काजवाली आली.

ती शिंप्यांच्या दुकानांसाठी काज-बटणं करायची, म्हणून सगळे तिला काजवाली म्हणायचे. वडिलांच्या घरात मागच्या खोलीत ती राहायची, तिथेच तिचं मशीन होतं. पुढच्या भागात भाऊ आणि भावजय. आयुष्यभर पायाचं मशीन चालवून तिचे गुडघे गेले होते. एकेका पायरीवर दम घेत ती वर आली, माझ्यावर बसली आणि कापडी पिशवी मांडीवर धरली.

"वकीलसाहेब, मला नळाचं विचारायचं होतं. मागच्या खोलीला वेगळं मीटर घेता येतं का?"

वकिलाने सांगितलं, अर्ज करा, भावाची ना हरकत लागेल. ती 'बरं' म्हणाली. पिशवी घसरली, तिने ती वर ओढली. मग ती स्वतःच घसरली, तिने माझे हात धरून स्वतःला मागे ढकललं. मला कळलं होतं, मित्रांनो. ते हात धरणं मी शेकडो वेळा अनुभवलं होतं. पुढे उघड झालं, त्या पिशवीत एक कागद होता. भावाने दिलेला. 'छप्पर दुरुस्त करायचंय, त्याला तुझी परवानगी लागते, उद्या कचेरीत येऊन सही कर,' असं सांगून. तिला तो फक्त दाखवायचा होता. पण पाठच्या भावावर शंका घेतेय असं दिसायला नको, म्हणून ती नळापासून सुरुवात करत होती.

"पावसाळ्याआधी छप्पर नीट करणार आहेत म्हणे," ती म्हणाली.

"उत्तम," वकील म्हणाला आणि घड्याळाकडे पाहिलं.

ती पुन्हा घसरली. गुडघ्यांतून कळ गेली असावी, कारण तिचा चेहरा पिळवटला. ती उठलीच. "बाकीचं पुन्हा कधी तरी विचारते," म्हणाली आणि कठडा धरत जिना उतरून गेली. दुसऱ्या दिवशी तिने सही केली.

चार महिन्यांनी ती परत आली तेव्हा कागद हातातच होता. भावाने खोली खाली करायला सांगितली होती, तिथे दुकानाचे गाळे बांधायचे होते. वकिलाने कागद वाचला. त्यात छपराबद्दल एक शब्द नव्हता. वडिलांच्या घरातला सगळा हक्क तिने भावाच्या नावे सोडला होता, राजीखुशीने, कायमचा. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

"बसा ना," वकील म्हणाला. ती बसली नाही.

"हे सही करायच्या आधी आणायचं होतं, बाई. आता दावा लावू, पण फार अवघड आहे."

"आणलं होतं साहेब. त्या दिवशी पिशवीतच होतं."

"मग विचारलं का नाहीत?"

"विचारणारच होते हो," ती खजील होऊन म्हणाली. "पण मेले माझे गुडघे. बसवेना."

वकिलाने दाव्यासाठी कोरा कागद पुढे ओढला. का बसवेना ते त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. तिला मात्र अजूनही वाटतं की चूक तिच्या गुडघ्यांची. त्याने तेवढंही तिला सांगितलं नाही. मला तोंड असतं तर मी सांगितलं असतं का? या प्रश्नाचं उत्तर मी अजून टाळते.

खोली गेली. एका शिंप्याने आपल्या दुकानातल्या जिन्याखाली तिच्या मशीनला जागा दिली, झोपायला ती मावसबहिणीकडे जाते. दाव्याच्या तारखा पडतात. ती येते, दाराशी उभी राहून पुढची तारीख विचारते आणि जाते.

आता वकील थकला आहे. सोमवारपासून ही खोली त्याची पुतणी चालवणार, तीही वकील झाली आहे. काल त्याने तिला सगळं दाखवलं, कपाट, फायली, शिक्के. शेवटी माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बाकी काय हवं ते बदल. ही खुर्ची मात्र ठेव, फार कामाची आहे." पुतणीने हसून मान डोलावली. माझ्यावर बसून पाहावं असं काही तिला वाटलं नाही.

मित्रांनो, इतर वस्तू शेवटी हात जोडून सांगतात, आम्हाला जपा, आमची निगा राखा. मी सांगते, मला जपू नका. माझी लाकडं करा, चुलीत घाला, आणि इथे एक साधं सपाट बाक आणून टाका. पण ते सोमवारच्या आत करा. सोमवारी सकाळी माणसं जिना चढून येतील आणि नळाचं विचारतील.