चौघांतला मधला आवाज

"घाई नको. लाकूड अजून ओलं आहे, त्याला बोलता येत नाही." पोलंडमधल्या पोझ्नान शहरात माझा कारागीर गिऱ्हाइकांना असं सांगायचा. मी ऐकलेला माणसाचा पहिला आवाज तो.

मित्रांनो, मी एक जुना व्हायोला आहे. दिसायला व्हायोलिनसारखाच, पण अंगाने भरलेला आणि गळ्याने खालचा. तोमाशने मला घेतलं तेव्हा तो कॉलेजात होता. त्याने तीन सोबती गोळा करून चौघांचा वाद्यमेळ उभा केला. दोन व्हायोलिनं, एक खर्जातला चेलो आणि मधोमध मी.

पहिलं व्हायोलिन हान्नाचं. तालमीत चूक तेवढी बोलायची, बरं झालेलं बोलायचं नाही, हा तिचा नियम. आम्ही पोलंडभर वाजवलं, जर्मनीत वाजवलं, मग कॅनडात आलो. मॉन्ट्रियलच्या सभागृहांत आणि ग्वेल्फच्या चर्चमध्ये लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे. तोमाश मात्र हान्नाकडे बघायचा. तिच्याकडून एकदा 'छान' ऐकायचं होतं त्याला. ती खाली मान घालून व्हायोलिन पुसत असायची.

कॅनडातल्याच वॉटर्लूत शिकवण्याचं काम मिळालं, तिथेच चौघांनी घरं केली. पुढे तोमाशची करंगळी आखडली. त्याने हान्नाला सांगितलं, "माझ्या जागी दुसरं कुणी बघ." ती नुसतं "बरं" म्हणाली.

तोमाशने मला घराखालच्या बेसमेंटमध्ये, घर तापवणाऱ्या फर्नेसपाशी ठेवून दिलं. हिवाळ्यात आमच्या पेटीत ओला स्पंज ठेवावा लागतो, मित्रांनो. तो कुणी ठेवला नाही. कोरड्या हवेने माझं पोट तडकलं.

बेसमेंटमध्ये भाड्याने राहायची व्हायोलिन शिकलेली नागपूरची अबोली. कॉलेज, ग्रोसरी स्टोअरची शिफ्ट, वर दारापुढचा स्नो फावड्याने शोव्हल करायचा. तिने तोमाशला विचारून मला बाहेर काढलं. मांडी घालून बसली, माझं डोकं घोट्याला टेकवलं आणि सुरावरून सुरावर अलगद घसरत यमन वाजवला. असं मला कुणी धरलं नव्हतं.

व्हिडिओ कॉलवर तिची आई म्हणाली, "अगं, तुझं व्हायोलिन कुठाय? हा कुठला दांडगा?"

"घरमालकांचा आहे गं. बघ ना, बिचाऱ्याला क्रॅक गेलाय."

तोमाश जिन्यात बसून ऐकत होता; मराठीतला 'क्रॅक' तेवढा त्याला कळला. दुसऱ्याच दिवशी त्याने मला दुरुस्तीला नेलं. मग अबोलीला खुर्चीवर बसवून शिकवू लागला. "आमच्या संगीतात असं घसरायचं नाही," तो सांगायचा, "सुरावर नीट पाऊल ठेवायचं."

बर्फ वितळल्यावर हान्ना बाकीच्या दोघांना घेऊन, तोमाशच्या जागी अबोली चालेल का ते ऐकायला आली. तोमाश खिडकीशी रिकाम्या हातांनी बसला. चौघं मिळून वाजवू लागले. अबोली कुठेही न घसरता वाजवत होती. हान्नाचा गज मात्र मध्येच थांबला. पुन्हा सुरू झाला, पुन्हा थांबला.

"सॉरी, माझं काही चुकलं का?" अबोलीने भीतभीत विचारलं.

"नाही. तू छान वाजवतेस."

तोमाशने मान वर केली. हान्ना गज मांडीवर ठेवून त्याच्याकडे वळली.

"मी चुकतेय, तोमाश. इतकी वर्षं मी तुझं ऐकून वाजवत होते. तू नसलास की मला माझा सूर सापडत नाही."