खंड्या कशावर बसला होता

निसर्गाचे फोटो काढणारा माणूस निसर्गाइतकाच निरागस असतो, असा सभ्य समाजात एक गोड समज आहे. आणि आपल्या छायाचित्रकाराने तो पंधरा वर्षे तळहातावरच्या फोडासारखा जपला होता. त्या संध्याकाळी ग्रंथालयाच्या सभागृहात त्याचे व्याख्यान होते, ‘आपले तळे वाचवा’. हेतू एकच. पहिल्या रांगेत बसलेल्या जलविभागाच्या अधिकारी बाईंनी तळ्यात सांडपाणी ओतणारा पाइप बंद करायला लावावा. कोणती तळी आधी साफ करायची, याची त्यांची यादी दुसऱ्या दिवशी पक्की व्हायची होती. तीत नाव लागले नाही, तर तळ्याचे गटार व्हायला पाच वर्षेही पुष्कळ होती.

बाईंच्या शेजारी छायाचित्रण मंडळाचे अध्यक्ष. मंडळाचा ‘अस्सल निसर्ग’ पुरस्कार छायाचित्रकाराला त्यांनीच दिला होता, आणि त्याला आपणच जन्माला घातल्याच्या थाटात ते मान डोलावत होते. लॅपटॉपपाशी थोरली बहीण बसली होती, कारण बोलता बोलता चित्र पुढे सरकवणे ही दुहेरी कसरत त्याला झेपत नसे.

तासभर तो रंगात येऊन बोलला. पाणकोंबडी झाली, कासव झाले, आणि शेवटी पडद्यावर खंड्या आला: निळाभोर, वाळक्या फांदीवर बसलेला, चोचीत मासोळी, खाली आरशासारखे पाणी. सभागृह ‘वा!’ म्हणाले.

अधिकारी बाई उठल्या. “फार सुंदर! खरं सांगू, मी येताना धास्तावलेच होते. पण तुमचं तळं आमच्या ऑफिसातल्या पिण्याच्या पाण्यापेक्षा स्वच्छ आहे की! यादीत आम्ही घाणेरडी तळी आधी घेतो. तुमचं राहू दे.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

“अहो, पण तो पाइप...”

“कुठला पाइप? मला तर एकाही फोटोत दिसला नाही.”

दिसणार कसा? घरी आल्यावर संगणकापुढे बसून प्रत्येक फोटोतल्या बाटल्या, पिशव्या आणि फेस पुसून काढायचा, हा त्याचा नेम होता. तो याला ‘सफाई’ म्हणे. इतक्या निष्ठेने त्या तळ्याची सफाई दुसऱ्या कोणीच केलेली नव्हती; दुर्दैव इतकेच, की ती तळ्यापर्यंत कधी पोचली नाही.

“मूळचे दाखवू का रे?” बहीण कुजबुजली. “सगळे ठेवलेत मी.”

“ताई, गप्प बस.”

“बसते. मला काय, तळ्यात खंड्या राहतो, मी नाही.”

त्याने अध्यक्षांकडे पाहिले. फोटोत केसभरही बदल केलेला नसावा, ही पुरस्काराची पहिली अट त्यांनी स्वतः मोठ्या आवाजात वाचून दाखवली होती. तेवढ्यात बाईंनी पर्स खांद्याला लावली आणि त्या दाराकडे निघाल्या.

“बाई, थांबा! मी लबाड आहे,” तो माईकमध्ये म्हणाला. आभारप्रदर्शनाची ही तऱ्हा सभागृहाला नवीन होती. “ताई, दाखव.”

पडद्यावर तोच खंड्या, तीच मासोळी. पायाखाली मात्र फांदी नव्हती; मांडीएवढा गंजका पाइप होता आणि त्यातून काळा फेस ओसंडत होता. शेजारी तान्ह्या बाळाचे वापरलेले डायपर आणि एक रबरी चप्पल संथपणे तरंगत होती.

“अगंबाई, ही तर आमच्या ह्यांची!” मागून एक बाई ओरडली.

अध्यक्ष ताडकन उठले. “ही शुद्ध फसवणूक आहे! तुम्ही फांदी काढलीत?”

“काढली नाही. घातली.”

“पुरस्कार परत करावा लागेल!”

“करतो. खाली बसा आता. मागच्यांना पाइप दिसत नाहीये.”

अध्यक्ष बसले नाहीत. तरातरा निघून गेले, आणि पाइप सगळ्यांना दिसला. पंधरा वर्षांची इभ्रत त्यांच्यामागोमाग दाराबाहेर जाताना छायाचित्रकाराने पाहिली.

अधिकारी बाई मात्र परतल्या होत्या. “असे आणखी किती आहेत?”

“पंधरा वर्षांचे,” बहीण म्हणाली. “तुम्हाला घाई नाही ना?”

बाईंनी पर्समधून यादी काढली, सगळ्यांत वर तळ्याचे नाव लिहिले आणि पेन तसेच उघडे ठेवले. “तारखा सांगा.”

छायाचित्रकार आपल्या एकेका लबाडीची तारीख सांगू लागला.