वर चढलेली गोचीड

"बाई, इतक्या उंचावर गोचीड जगत नाही. ती खालच्या भागात असते," डॉक्टर म्हणाला. मी म्हटलं, गोचिडीला ते कुणी कळवलेलं दिसत नाही.

माझ्या धाकट्या जावेला पाच दिवस ताप होता. डोकं ठणकत होतं, तळहातांवर लाल पुरळ उठलं होतं आणि हा पोरसवदा डॉक्टर तिला तापाची साधी गोळी देऊन घरी पाठवायला निघाला होता. माझं डोकंच फिरलं.

चूक आमचीही होती, नाही म्हणत नाही. अलीकडे थंडी कमी झाली आणि तीन वर्षांपूर्वी आमच्या गाईंच्या कानांत पहिल्यांदा गोचिडी दिसल्या. ओढायची, एका अंगठ्याच्या नखावर धरायची, दुसऱ्या नखाने फटकन चिरडायची. धारा काढून बोटं भेगाळलेली, चिरडलेल्या गोचिडीचं रक्त त्या भेगांतून अंगात जाऊन ताप येतो, तरी हातमोजे म्हणजे आम्हाला थेरं वाटायची. जाऊ यात पटाईत, आणि तिला शिकवलं होतं मीच. तिचं काही बरंवाईट झालं असतं तर ते माझ्याच माथी आलं असतं.

"एखादी गोचीड आणली आहे का दाखवायला?" डॉक्टरने विचारलं. कुठून आणणार? काढल्या तेवढ्या सगळ्या आम्ही जागीच चिरडलेल्या.

जावेला तिथेच बाकावर निजवलं आणि तडक गोठा गाठला. हातांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवल्या, जावेचाच भुवया कोरायचा चिमटा घेतला. गाईच्या कानामागून सहा गोचिडी काढून औषधाच्या रिकाम्या बाटलीत बंद केल्या आणि ती बाटली डॉक्टरच्या टेबलावर नेऊन ठेवली. सहाच्या सहा वळवळत होत्या.

"घ्या, तुम्हीच समजवा यांना."

त्याचा चेहरा पडला. पण माणूस वाईट नव्हता. लगेच कपाटातून दुसऱ्या गोळ्या काढल्या, पहिली जावेला समोरच गिळायला लावली. मग अशा तापाची वर कळवायची नोंद असते, तो फॉर्म पुढे ओढून हळूच म्हणाला, "पेशंट खालच्या भागात जाऊन आली, असं लिहितो. इथलाच ताप म्हटलं तर तुमच्या दुधावर बंदी येईल."

खरं सांगते, मी गप्प बसले. चार गाईंवर आमची दोन घरं चालतात.

भिंतीला धरून जाऊ उठून बसली. अंगात त्राण नव्हतं, पण आवाज ठणठणीत. "मी वर्षभरात कुठेही गेलेले नाही. इथलंच लिहा. शेजारच्या गोठ्यांतल्या बाया अजून नखानेच चिरडतायत. उद्या त्या आल्या की त्यांनाही साधी गोळी देऊन घरी धाडणार?"

मला स्वतःची लाज वाटली. डॉक्टर माझ्याकडे बघत होता, मोठी जाऊ काय म्हणते म्हणून.

"माझ्याकडे काय बघता?" मी म्हटलं. "ती सांगतेय तसं लिहा. दुधाचं आम्ही बघून घेऊ."