मंत्र वजा केल्यावर

"बसून घे ना भाऊ, मागच्यायले दिसत नाही," माझ्या मागचा म्हातारा कुरकुरला.

"बसता आलं असतं त कायले आलो असतो बाप्पा इथं?" माझ्या पुढ्यात उभा असलेला माणूस म्हणाला.

आंधळगावच्या बाजाराचा दिवस. आसनबाबांच्या मांडवात ही गर्दी, आणि निम्मी उभीच. कोणाला काय होतंय ते सगळ्यांना ठाऊक, पण नाव कोणी घेत नव्हतं. 'बसायचा त्रास' म्हणायचं, फार तर 'तिकडचं'. बाबांची कीर्ती त्यावरच वाढलेली. डॉक्टर विचारतात, बाबा काही विचारत नसत.

"देह म्हंजे देऊळ, आसन त्याचा पाया," बाबा माइकवर सांगत. "पाया हालला का कळस डोलते." मग हिरव्या जाळीमागे टब मांडायचे, मोठ्या गंजातलं गरम पाणी ओतायचं, त्यावर मंत्र पुटपुटायचा. घटकाभर त्यात बसलेला माणूस हसत उठायचा. आमचे मालक यादोराव, तेही उठले. "मोकळं वाटलं," म्हणाले.

मला काही मोकळं वाटेना. धोतरं मीच धुते. भाताच्या रोवणीपासून दिसणारे लाल डाग बाबांच्या पाण्यानंतरही दिसतच होते. यादोरावांना विचारलं तर म्हणाले, "पानाचा असन." धोतराच्या मागच्या बाजूला, पानाचा.

माझी भाची मेघा नागपूरला नर्स आहे. याच दुखण्यावर कोणता इलाज चालतो, हे पाहणाऱ्या एका अभ्यासात ती काम करते. फोनवर तिनं आजाराचं नाव सरळ घेतलं, तशी मी फोन कानाशी घट्ट दाबला.

"आत्या, एकेक गोष्ट वगळून पाहायची, आम्ही तसंच करतो. आणि दुखणं कमी झालं म्हणजे आजार गेला असं नाही. रक्त कशाचं जातंय, ते तपासावंच लागतं."

मी मंत्र वगळला. घरीच घमेल्यात सोसवेल इतकं गरम पाणी घेतलं, यादोरावांना बसवलं आणि मंत्राच्या जागी जावेच्या कागाळ्या सांगितल्या.

"मोकळं वाटलं," ते म्हणाले.

पुढच्या बाजारी यादोरावांसोबत गेले आणि मांडवात मी उभी राहिले. "महाराज, आज थंड्या पाण्यावर मंत्र म्हणाल काय?"

"थंड्या पाण्यात मंत्र विरघळत नाही, माय."

"साखर हाय काय तो?" शेजारच्या पार्वताबाई पुटपुटल्या. दोघं-तिघं हसले.

"आमच्या घरी मंत्राबिगर नुसत्या गरम पाण्यानं बरं वाटलं," मी म्हटलं. "ऊब लागली का आखडलेलं सैल होते, कळ कमी होते. चूल त सगळ्यायच्या घरी हाय. पर आजार तिथंच रायते, तो डॉक्टरलेच दाखवा लागते."

बाबा गोड हसले. माइक माझ्यापुढं धरला. "बरं वाटलं कोणाले, माय? अन् झालं काय होतं त्याले? सांगा ना सगळ्यायले."

ते नाव इथं कोणी घेणार नाही, हे त्यांना माहीत होतं. माणसं आपापल्या चपला पाहू लागली.

यादोराव उठले. माइक माझ्या हाती येण्याआधीच त्यांनी घेतला.

"मले," ते म्हणाले. "मूळव्याध असन, नाहीतर दुसरं काही. डॉक्टर सांगन. संडासच्या वाटे रक्त जाऊन राहिलं माह्यं, रोवणीपासून. मी आता दवाखान्यात चाललो. अजून कोणाकोणाचं जाते?"